नारायण पंडितांची गाय आणि वीस वर्षांचा वंशविस्तार

इ. स. १३५६ मध्ये रचलेल्या ‘गणितकौमुदी’ या संस्कृत ग्रंथात नारायण पंडितांनी गायीच्या वंशविस्ताराचे एक उदाहरण घातले आहे. एक गाय दरवर्षी एकदा विते आणि तिची प्रत्येक कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी व्यायला लागते. तर वीस वर्षांनी मूळ गाय धरून एकूण गुरे किती, असा तो प्रश्न आहे. यात सगळी वासरे माद्याच असतात आणि एकही जनावर दगावत नाही, हे गृहीत धरावे लागते. गोठ्यातील वास्तव असे नसते, हे उघड आहे. पण देशी गायीची कालवड पहिल्यांदा व्यायला तीन-चार वर्षे घेते, हे पाहता प्रश्नातील वयाची अट मात्र गुरे पाळणाऱ्यांच्या अनुभवाला धरूनच आहे.

वर्षागणिक मोजू लागल्यास पहिली तीन वर्षे एकटी मूळ गायच विते, त्यामुळे गुरांची संख्या अनुक्रमे २, ३ आणि ४ होते. चौथ्या वर्षी पहिली कालवडही विते व संख्या ६ वर जाते, आणि पुढे ९, १३, १९, २८ अशी ती चढत राहते. कोणत्याही वर्षी वितात त्या तीन वर्षांपूर्वी हयात असलेल्या साऱ्याच गायी, म्हणून गेल्या वर्षीच्या संख्येत तीन वर्षांपूर्वीची संख्या मिळवली की चालू वर्षीची संख्या हाती येते. पीसा येथील लिओनार्दो, ज्याला पुढे फिबोनाची म्हटले गेले, त्याने १२०२ च्या ग्रंथात मांडलेले सशांच्या जोड्यांचे उदाहरण याच जातीचे आहे. मात्र तेथे वाट पाहण्याचा काळ कमी असल्याने लगतच्या दोन संख्यांची बेरीज पुरते.

नारायण पंडितांनी उत्तर काढले ते पिढ्या वेगळ्या करून, आणि या उदाहरणाचे खरे सौंदर्य तेथेच आहे. मूळ गायीच्या वीस वर्षांत २० कालवडी होतात, ही पहिली पिढी. त्यांपैकी थोरलीला चौथ्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत १७ कालवडी होतात, तिच्या पाठचीला १६, त्यानंतरचीला १५, असे करत शेवटी १. म्हणून दुसऱ्या पिढीची संख्या १ ते १७ या अंकांच्या बेरजेइतकी, म्हणजे १५३ भरते. अशा बेरजेला ‘संकलित’ म्हणतात. तिसऱ्या पिढीसाठी १ ते १४ पर्यंतच्या प्रत्येक अंकाचे संकलित काढून त्या संकलितांची पुन्हा बेरीज करावी लागते आणि ती ५६० येते; वारंवार केलेल्या अशा बेरजेला ‘वारसंकलित’ ही संज्ञा आहे. संकलितांच्या बेरजेचा नियम आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास दिला होता. नारायण पंडितांनी तो कितीही वेळा केलेल्या बेरजेपर्यंत नेला, आणि परंपरेतील सूत्र जपत ते इतके पुढे नेण्याची ही दृष्टी मनापासून गौरवावी अशी आहे.

तिसऱ्या पिढीची ५६० ही संख्या १४, १५ आणि १६ यांच्या गुणाकाराला ६ ने भागूनही मिळते, त्यामुळे लांबलचक बेरजांचे काम एका ओळीत आटोपते. याच रीतीने चौथी पिढी १००१, पाचवी ७९२, सहावी २१० आणि सातवी अवघी ८ निघते. प्रत्येक पिढीचा आरंभ आधीच्या पिढीनंतर तीन वर्षांनी होत असल्याने सातवीतील पहिली कालवड एकोणिसाव्या वर्षी जन्मते आणि आठवीला बाविसावे वर्ष उजाडावे लागते, म्हणून गणना येथेच थांबते. मूळ गायीसह सर्व पिढ्यांची बेरीज २७४५ होते, आणि वर्षागणिक मोजलेली विसाव्या वर्षाची संख्याही तीच, म्हणजे १८७३ अधिक ८७२, येते.