नाव नोंदले गेले, हक्काचे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कामगाराला उद्याची तरतूद करण्याची बुद्धी नसते, असा आरोप मालकवर्ग पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. ब्रिटनमधील अनुभवाने तो खोटा ठरविला. तेथे निवृत्तिवेतन योजनेत सामील होण्यासाठी बहुधा कामगारालाच अर्ज करावा लागे. २००८ च्या कायद्याने हा क्रम उलटा केला. ऑक्टोबर २०१२ पासून, प्रथम मोठ्या आणि पुढे लहान मालकांवर, पात्र कामगारांची नावे आपणहून नोंदविण्याचे बंधन आले. ज्याला योजना नको असेल त्याने महिन्याभरात बाहेर पडावे. पण साधारण तीन वर्षांनी मालकाने त्याचे नाव पुन्हा नोंदवावे. खाजगी क्षेत्रातील पात्र कामगारांपैकी २०१२ साली ४२ टक्के अशा योजनांत होते. २०१९ साली ८६ टक्के झाले. माणसे तीच होती. बदलली ती व्यवस्था.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे चुकीचे ठरेल. एप्रिल २०१९ पासून किमान वर्गणी वेतनाच्या ठराविक भागावर ८ टक्के झाली. तीत मालकावर सक्ती केवळ ३ टक्क्यांची. उरलेला भार, करसवलत धरून, कामगाराचा. शिवाय आपोआप नोंदणीसाठी वर्षाला १०,००० पौंडांची जी मर्यादा ठरली, ती प्रत्येक नोकरीला स्वतंत्र लागू झाली. दोन ठिकाणी आठ-आठ हजारांवर राबणारी स्त्री त्यामुळे आपोआप नोंदली जात नाही. जिला आधाराची निकड अधिक, तीच दाराबाहेर!

दुसरा प्रश्न सत्तेचा आहे. १९९१ साली वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कंपन्यांच्या निवृत्तिवेतन निधींतून चाळीस कोटींहून अधिक पौंड गेल्याचे उघड झाले. पैसा कामगारांचा, किल्ल्या मालकाच्या हाती! त्या धक्क्यानंतर १९९५ च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, एक तृतीयांश विश्वस्त सभासदांनी सुचविलेले असावेत असा दंडक घातला. मात्र विमा कंपन्यांशी करार करून चालविलेल्या योजनांत विश्वस्त मंडळच नसते. तेथे कामगार खातेदार असतो, भागीदार नसतो.

आपल्या देशात १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने सक्तीचा मार्ग पत्करला आणि केंद्रीय विश्वस्त मंडळात कामगार प्रतिनिधींना जागा दिली. तरीही त्यांची नेमणूक सरकार करते, आणि कंत्राटी कामगाराच्या वेतनातून कापलेली रक्कम खात्यात जमा झाली की नाही, हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसते.

म्हणून युनियनचे काम नाव नोंदले गेल्यावर संपत नाही. तेथून ते सुरू होते. प्रत्येक खात्याचा हिशेब कामगाराच्या हाती पडला पाहिजे आणि निधीच्या कारभारात त्याने स्वतः निवडलेला प्रतिनिधी बसला पाहिजे. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ते राखून ठेवलेले वेतन आहे. ज्याचे वेतन, त्याचाच त्यावर अधिकार.