मुलांना घेऊन लालबागेत
(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे रुळांच्या देखभालीचे काम करतो. घर मिरजेचे, नोकरी आधी हुबळी, मग म्हैसूर आणि आता बंगळुरू. कार्यवाहांनी सांगितले, मुलांविषयी चार शब्द बोला. मोठमोठे विचार मला सुचत नाहीत. पण मुलांना लालबागेत कसे न्यावे, एवढे अनुभवाने सांगू शकतो. लालबाग म्हटले की आपल्याला आधी मुंबईचा राजा आठवतो. मी बोलतो आहे ती आपली इथली 240 एकरांची बाग.

आपण तिथे कधी जातो? पाहुणे आले की, रविवारी दुपारी. एका गेटातून शिरायचे, काचघरासमोर फोटो काढायचे, तळ्यापर्यंत चालायचे, मुले कुरकुरू लागली की कणीस घेऊन द्यायचे आणि बाहेर पडायचे. घरी आल्यावर विचारा, काय पाहिले? उत्तर येते, ‘कणीस खाल्ले!’ यात मुलांचा दोष नाही. एवढी बाग एका दमात दाखवायला गेले तर काहीच दिसत नाही. म्हणून आमच्या घरी नियम आहे: एका फेरीत एकच गोष्ट.

पहिली फेरी खडकाची. केंपेगौडांचा छोटा बुरूज ज्या खडकावर उभा आहे, तो सुमारे 300 कोटी वर्षांचा आहे. भूवैज्ञानिक स्मारक म्हणून तिथे फलकही आहे. मुलांना कोटी समजत नाहीत, म्हणून मी त्यांना आजोळचा दगड आठवायला सांगितला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या खडकापुढे अगदी लहान. मिरजेहून येताना रुळांखालची खडी पाहत या. खडी साधारणपणे जवळपासच्या खाणीतून येते. बेळगावच्या पुढे काळ्या पाषाणाचा मुलूख संपतो आणि खडीचा रंग करडा होत जातो. आता माझा मुलगा प्रवासात मोबाइल मागण्याआधी खिडकी मागतो.

दुसरी फेरी काचघराची. त्याची पायाभरणी 1889 साली झाली. ओतीव लोखंडाचे, म्हणजे आपण ज्याला बीड म्हणतो त्याचे काम तिथे जवळून पाहायला मिळते. मुलांना खांब मोजायला सांगा, जोड कुठे आहेत ते शोधायला सांगा. लोखंड उन्हात वाढते हेही तिथेच सांगता येते. 13 मीटरचा मोकळा रूळ 30 अंशांनी तापला तर सुमारे साडेचार मिलिमीटर वाढतो. पुस्तकातले प्रसरण मुलांना असे पटकन कळते.

तिसरी फेरी झाडांची, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 1760 च्या सुमारास हैदर अलीने ही बाग सुरू केली तेव्हापासून इथे लांबलांबून रोपे येत राहिली. जो गुलमोहर आपण आपला समजतो तो मूळ मादागास्करचा. जॅकरँडा दक्षिण अमेरिकेतला. आणि बाग सांभाळणारेही बाहेरचेच. गुस्ताव क्रुंबिगेल हे जर्मन गृहस्थ लंडनच्या क्यू बागेत काम करून 1893 मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. तिथून 1908 मध्ये बंगळुरूला. शहरात वर्षभर कुठले ना कुठले झाड फुललेले असावे, अशी लागवड करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. 1956 मध्ये त्यांचे इथेच निधन झाले. बागेजवळच्या एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

ही माहिती माझ्या एरवी उपयोगी पडली असती की नाही, ठाऊक नाही. पण त्याच सुमारास मुलीला शाळेत ‘माझे गाव’ असा निबंध आला. तिने विचारले, ‘बाबा, मिरज लिहू की बंगळुरू? मिरजेत सगळे म्हणतात, बंगळुरूची पाहुणी आली. इथे मैत्रिणी म्हणतात, तुम्ही महाराष्ट्राचे. मग आपण नक्की कुठले?’

बंधू-भगिनींनो, बदलीच्या नोकरीतल्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी येतो. आपण ‘आपले गाव ते आपले गाव’ म्हणून विषय संपवतो. पण मुलांची पिशवीभर वर्षे इथेच जात असतात. मी तिला म्हणालो, ‘रविवारी बागेत जाऊ, मग लिही.’ आम्ही झाडांवरच्या पाट्या वाचत फिरलो. तिने वहीत दोन रकाने केले, झाड मूळचे कुठले आणि इथे कोणत्या महिन्यात फुलते. घरी येऊन तिने निबंधात दोन्ही गावे लिहिली, मिरजही आणि बंगळुरूही. मी काही सुचवले नाही.

लावलेले रोप पहिली दोन-तीन वर्षे कोणी तरी पाणी घालून जगवावे लागते, मग ते स्वतःच्या बळावर उभे राहते. आपल्या मुलांच्या बाबतीत ते पाणी म्हणजे घरातली मराठी आणि बाहेरची कन्नड, दोन्ही. एकावर भागत नाही.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. सकाळी लवकर जा. जानेवारी आणि ऑगस्टमधल्या पुष्पप्रदर्शनाच्या सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना नेणे टाळा, गर्दी फार असते. शिरतानाच ठरवा की चुकामूक झाली तर काचघरापाशी भेटायचे. 2017 पासून लालबागेचे मेट्रो स्टेशन झाले आहे, तेव्हा गाडी घरीच ठेवा. आणि कणीस जरूर घ्या, पण बाग पाहून झाल्यावर!

 गणपती बाप्पा मोरया!