आंबा आधी दिसू दे



समजा, तुम्ही देवगडचा हापूस विकता.
गिऱ्हाइकांना ईमेल पाठवायची आहे.
विषयाच्या ओळीत काय लिहाल?

"आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांसाठी आनंदाची बातमी"...
मोबाइलवर ही ओळ मध्येच तुटते.
आंबा दिसतच नाही!

त्याऐवजी लिहा...
"देवगड हापूस, पहिल्या पेट्या शनिवारी निघणार."
काय, कुठला, कधी... सगळं आलं.
म्हणजे, मुद्दा आधी.

आणि एक कळकळीची विनंती.
ऑर्डर नसताना "तुमची ऑर्डर निघाली" असं लिहू नका.
अमेरिकेत अशा फसव्या ओळींना 2003 च्या कायद्याने मनाईच आहे.
एकदा फसलेलं गिऱ्हाईक पुढची मेल उघडेल कशाला?

पुन्हा सांगते... मुद्दा आधी, आणि खरा.

आता ती मेल आधी स्वतःलाच पाठवा.
फोन हातात घ्या.
आंबा दिसतोय ना?