नदी आणि वल्हेकरी

बंगळूरला नदी नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, पाणलोटाच्या कण्यावरच वसलेले आहे. त्याच्या एका अंगाचे पाणी अर्कावतीतून कावेरीस मिळते, दुसऱ्या अंगाचे दक्षिण पिनाकिनीकडे वळते. अशा जागी विशाल नदी असणार कोठून? म्हणूनच येथील राज्यकर्त्यांनी जागोजाग तळी बांधली. 1638 नंतर शहाजीराजांचे वास्तव्य ज्या बंगळुरात होते, त्याची तहान या तळ्यांनी आणि विहिरींनीच भागविली.

तरीही एक लहानशी नदी या शहराच्या पोटी जन्मली. तिचे नाव वृषभावती. बसवनगुडीच्या प्रचंड नंदीच्या परिसरात तिचा उगम मानतात. आज तिच्यातून वाहते ते मुख्यतः शहराचे सांडपाणी, आणि पिण्याचे पाणी मात्र सुमारे 100 किलोमीटरांवरून, कावेरीहून, पंपांनी वर चढवून आणावे लागते. घरची लेक मोरीत उभी केली आणि पाहुणीला माजघरात बसविले, असाच हा प्रकार झाला.

वल्हे मारण्याची हौस असलेल्या बंगळूरकराने मग होडी घालावी तरी कोठे? हलसूरच्या तळ्यावर मद्रास सॅपर्सच्या जवानांचा नौकासराव चालत आला आहे, ती लष्कराची गोष्ट निराळी. बेळ्ळंदूर तळ्याचा फेस 2015 साली रस्त्यावर उडत होता, आणि 2017 व 2018 साली त्याच तळ्यावर आग भडकली. पाण्याला आग लागणे ही म्हण नव्हे, ते वर्तमानपत्रांतील वृत्त होते.

हौशी वल्हेकऱ्यास मग शहर सोडावे लागते. घाट उतरून केरळात गेले, की चालियार नदी भेटते. वायनाड-नीलगिरीच्या डोंगरांतून निघून सुमारे 169 किलोमीटरांनंतर ती बेपूर येथे समुद्रास मिळते. या नदीवर कोझिकोडच्या जेलीफिश वॉटरस्पोर्ट्स या संस्थेने एक उपक्रम चालविला. नीलंबूर ते बेपूर हे 68 किलोमीटरांचे अंतर तीन दिवसांत वल्हवीत जावयाचे आणि वाटेत दिसेल तो प्लास्टिकचा कचरा उचलून होडीत घालावयाचा. कोणी निमुळत्या कयाकमध्ये बसलेला असतो, तर कोणी सपाट फळीवर उभा राहून वल्हे मारतो. यात वेतन नाही. उन्हाने पाठ मात्र भाजून निघते.

हे काम वल्हेकऱ्यांनीच का करावे, याचे उत्तर नदीच्या रचनेत आहे. पावसाळ्यात पाणी चढते, आणि ओसरताना पिशव्या, बाटल्या व चिंध्या काठच्या मुळांत आणि बांबूच्या बेटांत अडकवून जाते. सडकेवरून हे दिसत नाही, कारण मध्ये झाडी असते. यंत्राची नौका उथळ पाण्यात शिरत नाही. वीतभर पाण्यावर तरंगणारी होडीच तेथे पोहोचते. मुखाजवळ तर भरती-ओहोटीचा खेळ असतो. ओहोटीबरोबर समुद्राकडे निघालेली बाटली भरतीबरोबर परत येऊन दाराशी उभी राहते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. हौशी लोकांनी कचरा वेचावा आणि ज्यांचे ते कर्तव्य त्यांनी स्वस्थ बसावे, हा कोठला न्याय? कर्नाटकाने 2016 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली; 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. आदेशाची प्रत कार्यालयातून कार्यालयात जाते. पिशवी आपल्या वाटेने नदीत जाते. शिवाय पोत्यात मावतो तो कचराच उचलता येतो. विरघळलेल्या विषास पोते काय करणार?

चालियारलाच हे पुरते ठाऊक आहे. मावूर येथील ग्वाल्हेर रेयॉन्सच्या कारखान्याचे दूषित पाणी अनेक वर्षे तिच्यात सोडले जात होते. वाळक्काडचे के. ए. रहमान यांनी त्याविरुद्ध लोकांना उभे केले, दीर्घकाळ लढा दिला आणि 1999 च्या जानेवारीत कर्करोगाने त्यांचा अंत झाला. पुढे उत्पादन थांबले आणि 2001 साली कारखाना कायमचा बंद झाला. त्याबरोबर कामगारांची रोजीही गेली, हे विसरता येत नाही. पण आज जेथून वल्हेकरी हसत-बोलत जातात, ते पाणी कोणीतरी अशी किंमत देऊन सोडविलेले आहे. वल्ह्यांनी ते स्वच्छ झाले नाही. ते थोडे स्वच्छ झाले म्हणून त्यात वल्ही पडली.

मात्र तीन दिवस नदीच्या अंगावरून गेलेला माणूस काठावरून पाहणाऱ्यासारखा राहत नाही. कोणत्या ओढ्याच्या तोंडाशी कोणत्या बाजारपेठेचा कचरा येतो, कोठे पाण्याला वास सुटतो, हे त्याला गावाच्या नावानिशी सांगता येते. अशी साक्ष पंचायतीसमोर आली, तर ती झटकून टाकणे सोपे नसते.

वृषभावतीला असा साक्षीदार नाही. तिचे काळे, फेसाळ पाणी बिडदीजवळच्या बैरमंगल जलाशयात वर्षानुवर्षे साचत आले आणि भोवतालच्या शेतांना जात राहिले. बंगळूरचा वल्हेकरी सुटीच्या पहाटे आपली फळी मोटारीच्या टपावर बांधतो आणि ती पाण्याला लावण्यासाठी म्हैसूर, गुडलूर करीत नाडुकाणीचा घाट उतरून परराज्यात जातो. त्याच्या वाटेवर, शहर सोडता सोडता, वृषभावती लागते. तेथे तो मोटारीची काच वर करतो.