तारप्याच्या फेऱ्यातले दिवे

(मिशन रविवारी मंडळीपुढे केलेले भाषण)



डहाणू भागातील आपल्या वसतिगृहात मी मुलांना विज्ञान शिकवतो. आपल्या देणगीतून दोन लॅपटॉप आणि आर्डुइनोचे काही बोर्ड आले, तेव्हा मी फळ्यावर सर्किटची आकृती काढून शिकवू लागलो. मुले मुकाट्याने उतरवून घेत. आठ दिवसांनी विचारले, तर कोणालाच काही सांगता येईना. चूक माझी होती.

मग आम्ही पुठ्ठ्याला गेरू लावला. मुलांनी तांदळाच्या पिठाने तारपा नाच काढला. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती नाचणारे. त्यांतल्या आठ जणांच्या डोक्याच्या जागी भोक पाडून एलईडी बसवले. एलईडीचा लांब पाय धन बाजूला, हे कोणाला पाठ करावे लागले नाही. उलटा लावला की दिवा लागतच नसे. मग प्रोग्राम. पहिला दिवा लावा, थोडे थांबा, विझवा, पुढचा लावा. आठवा झाला की पुन्हा पहिल्यापासून. याला लूप म्हणतात, असे मी सांगू लागलो, तोच मागून आवाज आला, "सर, हा तर फेरा!"

पहिल्यांदा चालवले तेव्हा चौथ्याच्या आधी पाचवाच पेटला. मी प्रोग्राम तपासत बसलो. सातवीतली एक मुलगी, वर्गात कधी न बोलणारी, म्हणाली, "याने हात सोडला." तिने पुठ्ठा उलटा करून दोन वायरींची अदलाबदल केली आणि फेरा नीट फिरू लागला.

तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. दरवर्षी तीही जात असे. यंदा ते भेटायला आले, तेव्हा आईने आधी चित्र ओळखले, दिवे मग पाहिले. मुलीला त्यांनी मागे ठेवले. धाकटा भाऊ मात्र भट्टीवर गेला. पुढच्या वर्षाचे त्यांनी काही कबूल केलेले नाही.

निर्गमाच्या पुस्तकात देवाने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरले, ते कारागिरीसाठी. 35व्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे: दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवाने त्याला दिली. आता ही मुलगी दर शनिवारी पाचवीच्या मुलांना वायरी जोडायला शिकवते.

बंधुभगिनींनो, त्या भावासाठी वसतिगृहात एक खाट वाढवायची आहे. आपल्या प्रार्थनेत आणि दानात त्याची आठवण ठेवा. प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.