नवी कार्यपद्धती आणि कामगाराचा शब्द

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

साथींनो,

आजचा विषय फळ्यावर वाचून मघाशी एका साथींनी विचारले, "सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाशी बुकिंग क्लार्कचा आणि पोस्टमनचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. प्रणाली दुसरे बनवतात. पण खिडकीवर ती चालवतो आपण, आणि ती बंद पडली की रांगेचा राग झेलतो तोही आपणच. म्हणून ती कशी बनते हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

काम करण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत आपल्या परिचयाची. नवा लोहमार्ग टाकताना आधी सर्वेक्षण, मग अंदाजपत्रक, मग माती, पूल, रूळ आणि शेवटी संरक्षा आयुक्तांची तपासणी. एक पायरी पुरी झाल्यावर दुसरी. सॉफ्टवेअरच्या धंद्यात हिला 'वॉटरफॉल' म्हणतात. गंमत अशी, की विन्स्टन रॉइस या अभियंत्याने १९७० साली या पायऱ्यांचे चित्र काढले, तेव्हाच त्याने बजावले होते की सगळी चाचणी शेवटी ठेवणे धोक्याचे आहे. लोकांनी चित्र उचलले, इशारा सोडून दिला.

दुसरी पद्धत 'अजाइल'. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात सतरा जाणकार जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्याचा मथितार्थ असा: कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू मोलाची, करारातील घासाघिशीपेक्षा वापरणाऱ्याशी सहकार्य मोलाचे, आणि गरज बदलली तर आराखडाही बदलावा. दोन-चार आठवड्यांत छोटा तुकडा करायचा, वापरणाऱ्याला दाखवायचा, चुकले ते सुधारायचे आणि पुढे जायचे.

साथींनो, यात आपल्या कामाचे बरेच आहे. टेलरच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय व्यवस्थापना'ने डोके कचेरीत आणि हात कारखान्यात अशी विभागणी केली. नवी पद्धत म्हणते, काम कसे करायचे ते करणाऱ्यांनी ठरवावे. जाहीरनाम्यासोबतच्या तत्त्वांत असेही आहे, की कामाचा वेग कायम झेपेल एवढाच असावा. या पंथातील केंट बेक यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात आठवड्याला चाळीस तासांचा नियम सांगितला होता. मे १९७४ च्या रेल्वे संपात आठ तासांच्या दिवसासाठी तुरुंगात गेलेल्यांना हे नवे वाटणार नाही.

मग ताण कुठे आहे? तो प्रशिक्षणानंतर सुरू होतो. दोन दिवसांचा वर्ग होतो, प्रमाणपत्र मिळते, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागतात. पण निविदा जुनीच असते. कामाची यादी ठरलेली, तारीख ठरलेली, रक्कम ठरलेली. तिन्ही गोष्टी बांधून ठेवल्यावर शिकून बदलायला जागा उरत नाही. मग होते काय? रोज पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक गटाने आपसात अडचणी सांगण्यासाठी असते. ती साहेबासमोरची हजेरी बनते. कामाचा अंदाज बांधायला दिलेले गुण गटाच्या स्वतःच्या सोयीसाठी असतात. त्यावरून या गटाची त्या गटाशी तुलना सुरू होते. डाकघरात वेळमापनावर कर्मचारीसंख्या ठरते ती झळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको.

इथे सर्व दोष प्रकल्प व्यवस्थापकाच्या माथी मारणे बरोबर नाही. त्याला अंदाजपत्रकाचा हिशेब द्यायचा असतो, लेखापरीक्षणाला तोंड द्यायचे असते. नव्या पद्धतीत त्याचे काम नेमके काय, हे त्या दोन दिवसांत त्याला पुरते उमगत नाही. म्हणून तो जुनाच तक्ता नव्या शब्दांत भरतो.

आणि जुनी पद्धत सगळी टाकाऊ आहे असेही नाही. सिग्नलच्या इंटरलॉकिंगमध्ये "आधी चालवू, मग सुधारू" चालत नाही. 'कवच' प्रणालीला संरक्षेची सर्वोच्च, म्हणजे चौथी श्रेणी लागते. तिथे प्रत्येक गरज लिहून, तपासून, स्वतंत्र परीक्षकाकडून मान्य करून घ्यावीच लागते. चूक खिडकीवर झाली तर रांग वाढते. सिग्नलमध्ये झाली तर माणसे मरतात.

आपल्या डाक खात्याचेच पाहा. म्हैसूरच्या केंद्राने बनवलेली नवी प्रणाली २०२५ मध्ये आधी कर्नाटकात चालवून पाहिली, त्यातून दुरुस्त्या केल्या, मग टप्प्याटप्प्याने ऑगस्टपर्यंत देशभर नेली. ४ लाख ६० हजारांवर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिल्याचे सरकारने सांगितले. आधी एका परिमंडळात अनुभव घेणे ही रीत चांगली. आपला प्रश्न एवढाच, की खिडकीवरचा साथी "हे चालत नाही" म्हणतो, तेव्हा ते कुठे नोंदले जाते आणि उत्तर कोण देतो?

उत्तर न मिळाल्यास काय होते, ते ब्रिटनमध्ये दिसले. तिथल्या डाकघरांत १९९९ पासून 'होरायझन' ही प्रणाली आली. हिशेबात तूट दिसू लागली. उपडाकघरे चालवणारे सांगत राहिले, की पैसे आम्ही घेतले नाहीत, यंत्र चुकते आहे. कुणी ऐकले नाही. ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या; काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. ॲलन बेट्स यांच्यासह ५५५ जणांनी दावा लढवला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला मे २०२४ उजाडला. पद्धतीचे नाव काहीही असो, वापरणाऱ्याचा शब्द खोटा आणि यंत्राचा आकडा खरा धरला की हेच होणार.

म्हणून आपल्या मागण्या साध्या ठेवू. प्रणाली ठरवतानाच खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी घ्या. प्रत्येक तक्रारीची लेखी नोंद आणि मुदतीत उत्तर द्या. प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्या. गटाचे गुण गोपनीय अहवालात वापरू नका. आणि तूट दिसली तर आधी यंत्र तपासा, मग माणसावर बोट ठेवा.

नव्या पद्धतीला आपला विरोध नाही. वापरणाऱ्याचे ऐका, असे तीच म्हणते. वापरणारे आपण आहोत. तेव्हा आपापल्या शाखेत परतल्यावर पहिले काम करा: एक वही घाला आणि प्रणाली कधी, कुठे अडली ते तारीखवार लिहा. उद्या वाटाघाटीच्या टेबलावर तीच वही आपल्यासाठी बोलेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!