अंगणातील माती आणि आपली मुले
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सदाशिव पेठेत वाडे होते तेव्हा मुलांना मुद्दाम खेळावयास पाठवावे लागत नसे. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की चौक, आणि मागे परसात एखादे पेरूचे वा पारिजातकाचे झाड. भातुकली, सागरगोटे, विटीदांडू तेथेच चालत. आता वाड्यांच्या जागी इमारती आल्या. घरोघर नळ आला, उजेड आला, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु परसात वाहने उभी राहिली आणि मुले चौथ्या मजल्यावर पडद्यासमोर बसली.

यात हानी ती कोणती? उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत दूरचे अंधुक दिसण्याचा दोष कमी आढळतो. म्हणून तैवानात २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर ठेवण्याचा उपक्रम चालतो. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. शिवाय झाडावर चढणारे मूल फांदीचा भार जोखते. चुकले तर खरचटते आणि पुढच्या वेळी पाय जपून टाकते. हा हिशेब पाटीवर शिकविता येत नाही.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेले. महागडी साधने नव्हती. खडे, शिंपले, पाने, बिया हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गरिबांच्या मुलांना जे अंगणात लाभले, ते आपण सुस्थितीत असूनही आपल्या मुलांकडून काढून घ्यावे काय?

दिवाळीतील किल्ल्याचेच पाहा. माती कालवावी, दगड रचावेत, अळीव पेरून कोंब फुटण्याची वाट पाहावी, हा मुलांचा खरा उत्सव. तयार किल्ला विकत आणला की सण उरतो, खेळ जातो.

आता मूळ विषय. कार्यालयामागील अंगणास फरशी घालून तेथे वाहनतळ करावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. लग्नसमारंभाचे उत्पन्न वाढेल, हे आम्ही नाकारीत नाही. त्याच उत्पन्नातून विद्यार्थ्यांना साहाय्य मिळते, हेही आम्ही जाणतो. तथापि आमची विनंती अशी की, निदान अर्धे अंगण मातीचेच राहू द्यावे. एक झाड, वाळूचा ढीग, पाण्याचा नळ आणि सायंकाळी दोन तास लक्ष ठेवणारे कोणी वडीलधारे, एवढे पुरे. आणि त्याचे दार पेठेतील सर्वच मुलांना उघडे असावे. खेळात जात विचारावयाची नसते.

फरशी केव्हाही घालता येईल, बालपण मात्र पुन्हा येत नाही.